आवरते घेणाऱ्या पेशी

क्षयरोगाची औषधे नियमित सुरू असताना मानेची गाठ बसण्याऐवजी वाढू लागली, तर घरच्यांचा धीर सुटतो. आमच्या इमारतीतल्या एका महाविद्यालयीन मुलीच्या बाबतीत नेमके हेच झाले. मानेच्या डाव्या बाजूला दोन लहान गाठी, सुईने काढलेल्या नमुन्यात क्षयाचे निदान, सहा महिन्यांचा औषधोपचार. भूक परतली, संध्याकाळचा ताप गेला, वजनही थोडे वाढले, आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्याच दोन गाठींपैकी एक लिंबाएवढी होऊन लाल झाली. मुंबईत औषधांना दाद न देणारा क्षय इतका ऐकिवात असतो की घरच्यांनी तेच गृहीत धरले, आणि तसे गृहीत धरण्यात अडाणीपणा मुळीच नव्हता. डॉक्टरांनीही ती शक्यता आधी तपासली. पुन्हा नमुना घेतला, कल्चरला पाठवला; त्यात काहीही वाढले नाही. औषधांनी आपले काम चोख केले होते. गाठ फुगली होती ती मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडलेल्या तिच्याच पेशींमुळे. वैद्यकात याला विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात, आणि लसीकाग्रंथींच्या क्षयात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गंडमाळेत, ती दुर्मीळ नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे ठाऊक असल्यामुळे तिच्या आईने मला जिन्यात गाठून विचारले, “ताई, म्हणजे हिची प्रतिकारशक्ती वाढली, हे चांगलं म्हणायचं की वाईट?” हा प्रश्न जिन्यात उभ्याउभ्या संपवण्यासारखा नाही, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे.

प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशींचे, म्हणजे परके जंतू ओळखून त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, काम उघड्या डोळ्यांनी पाहायचे असेल, तर माँटू चाचणीसारखी सोय दुसरी नाही. हाताच्या पुढच्या भागावर, कातडीच्या अगदी वरच्या थरात, क्षयजंतूपासून शुद्ध केलेल्या प्रथिनाचे ०.१ मिलिलिटर द्रावण सुईने सोडतात. सुई बरोबर बसली तर तिथे लगेच एक फिकट फुगवटा उठतो आणि थोड्या वेळात जिरून जातो. मग दोन दिवस डोळ्यांना दिसेल असे फारसे काही घडत नाही. ४८ ते ७२ तासांनी परत बोलावतात, तेव्हा अनुभवी परिचारिका लालीकडे लक्ष देत नाही. ती बॉलपेनचे टोक बाहेरून आत हलक्या दाबाने सरकवत आणते, जिथे ते अडते तिथे रेघ थांबवते, दुसऱ्या बाजूनेही तसेच करते, आणि दोन रेघांमधले अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजते. मोजायचा असतो तो कातडीखालचा घट्टपणा. तो घट्टपणा म्हणजे तिथे जमलेल्या टी पेशी आणि त्यांनी बोलावून आणलेल्या, जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशी. क्षयजंतूची पूर्वी कधीतरी ओळख झालेल्या थोड्याशा स्मृतिपेशी रक्तातून हिंडत तिथे पोहोचतात, प्रथिनाचा तुकडा ओळखतात, इंटरफेरॉन गॅमासारखे संदेशवाहक रेणू सोडतात, आणि त्या हाकेवर बाकीच्या पेशी गोळा होतात. हे सगळे व्हायला दोन दिवस लागतात. त्यानंतरच्या दिवसांत, कोणीही मलम लावलेले नसताना, तो घट्टपणा आपोआप विरतो. वर्गात आम्ही पहिल्या ४८ तासांवर पूर्ण तास बोलतो आणि या विरण्यावर एक वाक्य. माझ्या मते अभ्यासक्रमातली ही मोठी उणीव आहे, कारण जमलेल्या पेशींना पांगवणे हे त्यांना जमवण्याइतकेच खटपटीचे काम आहे आणि त्यासाठी शरीराने वेगळी यंत्रणा पोसलेली आहे.

या यंत्रणेचा पहिला टप्पा छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत घडतो. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी इथे टी पेशी होतात. प्रत्येक पेशी आपल्या जनुकांचे तुकडे स्वैरपणे जुळवून एक ग्राहक रेणू, म्हणजे समोरचे प्रथिन ओळखून धरणारा रेणू, तयार करते. जुळवाजुळव स्वैर असल्यामुळे जगात अद्याप न आलेल्या विषाणूलाही ओळखणारी पेशी तयार असू शकते, आणि त्याच कारणाने आपल्याच स्वादुपिंडाला शत्रू समजणारी पेशीही तयार होते. थायमस या पेशींची परीक्षा घेतो. तिथल्या काही पेशी ‘एअर’ नावाच्या जनुकाच्या बळावर इन्शुलिनसारखी, एरवी दूरच्या अवयवांतच बनणारी प्रथिने थोडी थोडी तयार करून दाखवतात, आणि जी टी पेशी त्यांना घट्ट चिकटते तिला सहसा मरण येते. परीक्षेला बसलेल्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक थायमसमध्येच संपतात. आपल्या कुठल्याही प्रवेशपरीक्षेपेक्षा हा निकाल कडक आहे, तरीही गाळणी पूर्ण होत नाही. स्वतःवर उलटू शकणाऱ्या काही टी पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही फिरत असतात. मग सगळ्यांनाच संधिवात, मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार रोग का होत नाही, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने मिळाले ती वाट वाकडी होती. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांचा थायमस काढून पाहिला, तेव्हा त्यांची प्रतिकारयंत्रणा लुळी पडली. परक्या उंदराची कातडी लावली तरी ती टिकू लागली. १९६९ मध्ये जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी हाच प्रयोग जन्मानंतर तिसऱ्या दिवशी केला, आणि परिणाम वेगळाच निघाला: माद्यांची बीजांडे त्यांच्याच शरीराने नष्ट केली. याचा पुढे लागलेला अर्थ असा की हल्ला करू शकणाऱ्या पेशी थायमसमधून आधी बाहेर पडतात आणि त्यांना आवरणाऱ्या पेशी मागाहून. तिसऱ्या दिवशी थायमस काढला तर पहिल्या बाहेर असतात आणि दुसऱ्यांची वाट बंद होते. पण हा अर्थ सर्वमान्य व्हायला बराच काळ जावा लागला, कारण मध्यंतरी सगळे क्षेत्रच बदनाम झाले. १९७० च्या दशकात ‘दमनकारी टी पेशी’ या नावाने शोधनिबंधांचा पूर आला होता. या पेशींची ओळख ज्या जनुकावर अवलंबून होती, ते आय-जे जनुक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनएच्या त्या पट्ट्यात शोधायला गेल्यावर तिथे सापडलेच नाही. त्यानंतर प्रतिकारशास्त्रात दमन हा शब्द उच्चारणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि खऱ्या पेशीही खोट्या जनुकाबरोबर अडगळीत गेल्या.

जपानमधले संशोधक शिमोन साकागुची यांनी मात्र हा विषय सोडला नाही. तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या उंदरांना त्यांच्याशी जनुकीयदृष्ट्या समान अशा निरोगी उंदरांच्या टी पेशी दिल्या, तर रोग टळतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणजे त्या पेशींच्या गर्दीत कुठेतरी संरक्षक पेशी होत्या. त्यांना वेगळे ओळखण्याची खूण हवी होती. १९९५ मध्ये ती खूण त्यांनी दाखवली: सीडी४ गटातल्या ज्या टी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिनही असते, त्या वगळून उरलेल्या टी पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या की त्यांच्या थायरॉइडवर, जठरावर आणि इतर अवयवांवर हल्ला होतो, आणि वगळलेल्या पेशी परत दिल्या की तो रोखला जातो. या संरक्षक, म्हणजेच नियामक टी पेशी सीडी४ पेशींच्या साधारण ५ ते १० टक्के असतात.

जनुकाचा धागा दुसरीकडून आला. अमेरिकेतल्या ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात उंदरांचा एक वाण आढळला होता, ज्यातल्या नरांची कातडी खवलेदार होई, प्लीहा आणि लसीकाग्रंथी फुगत, आणि ते थोड्या आठवड्यांतच मरत. फक्त नरच आजारी पडतात यावरून दोष एक्स गुणसूत्रावर असावा हे उघड होते, पण नेमका कुठे हे शोधायला मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल या संशोधकांना गुणसूत्राचा पट्टा आक्रसत आक्रसत २० जनुकांपर्यंत आणावा लागला, आणि ती एकेक तपासताना दोष सापडला तो अगदी शेवटच्या, विसाव्या जनुकात. त्याला फॉक्सपी३ हे नाव मिळाले. २००१ मध्ये त्यांनी हेही दाखवले की आयपेक्स या दुर्मीळ आजारात, ज्यात मुलगे तान्हेपणीच तीव्र जुलाब, इसब आणि मधुमेह यांनी ग्रासले जातात, माणसातले हेच जनुक बिघडलेले असते. दोन वर्षांनी फॉक्सपी३ हेच नियामक टी पेशी घडवणारे जनुक असल्याचे सिद्ध झाले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल साकागुची, ब्रंकॉ आणि रॅम्सडेल या तिघांना मिळाले. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा रॅम्सडेल डोंगरात भटकंतीला गेले होते आणि फोनला लागत नव्हते, ही बातमी आपल्याकडच्या सह्याद्रीप्रेमींना विशेष आवडली असेल.

नियामक टी पेशी नेमके करतात काय, याचे एकच एक उत्तर नाही. सीडी२५ हे प्रथिन इंटरल्यूकिन-२ या वाढीच्या संदेशाला धरणाऱ्या ग्राहकाचा भाग आहे, आणि नियामक पेशींवर ते कायम भरपूर असते. चाळीत पहाटे अर्धा तास पाणी येते, तळमजल्यावरचे बिऱ्हाड मोठमोठी पिंपे लावून बसते आणि वरच्या मजल्यांवरच्या नळांना धार चढतच नाही, तसा हा प्रकार आहे: नियामक पेशी आजूबाजूचे इंटरल्यूकिन-२ शोषून घेतात आणि हल्लेखोर पेशींची संख्या वाढायला लागणारा ऐवजच कमी पडतो. दुसरी युक्ती अधिक थेट आहे. कुठल्याही टी पेशीला कामाला लागण्यासाठी दोन खुणा लागतात. एक म्हणजे ओळखीचा प्रथिनाचा तुकडा, आणि दुसरी म्हणजे तो तुकडा दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशीवरची सीडी८० आणि सीडी८६ ही प्रथिने. नियामक पेशी आपल्या सीटीएलए-४ या रेणूने ही प्रथिने डेंड्रायटिक पेशीच्या अंगावरून अक्षरशः ओरबाडून काढतात आणि गिळून टाकतात. तुकडा दिसत राहतो, पण दुसरी खूण नसल्यामुळे पुढची टी पेशी जागची हलत नाही. कित्येकदा ती कायमची सुस्त होते. याखेरीज इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा यांसारखे शामक संदेशही त्या सोडतात.

हे काम नियामक टी पेशींचे एकटीचे नाही, आणि लोकप्रिय लेखनात इथे जरा अन्याय होतो. डेंड्रायटिक पेशी, ज्यांचे महत्त्व राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ पासून पटवून दिले, दुखापत किंवा जंतूची चाहूल नसताना टी पेशींना आपलेच तुकडे दाखवून शांत राहायला शिकवत असतात; चाहूल लागली की त्याच पेशी चिथावणी देतात. महाभक्षी पेशी जंतू गिळतात तेव्हा दाह वाढवणारे रेणू सोडतात, पण आपलेच काम संपवून मेलेल्या पेशी गिळल्या की त्यांचा सूर बदलतो आणि त्या जखम भरून आणण्याच्या मागे लागतात. प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, बनवणाऱ्या बी पेशींपैकी काहीही इंटरल्यूकिन-१० सोडून शामकाचे काम करतात. आतड्यात तर हा समेट अहोरात्र चालू असतो: अब्जावधी जंतूंच्या शेजारी राहूनही आतडे सुजत नाही, कारण त्यातले काही जंतू आपण खाल्लेल्या तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट नावाचा रेणू तयार करतात आणि त्या ब्युटिरेटमुळे तिथे नियामक टी पेशींची संख्या वाढते. इंटरल्यूकिन-१० चे काम जनुकदोषाने बंद पडलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच आतड्याचा भयंकर दाह होतो, यावरून या समेटाची किंमत कळते.

आता क्षयाकडे वळते, कारण आपल्या शहरात प्रतिकारयंत्रणेचा धडा शिकवायला याहून समर्थ आजार नाही. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला क्षयजंतूचा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांत जंतू बहुधा फुप्फुसातल्या एका गाठोळ्यात कोंडलेला असतो: मध्ये जंतू गिळलेल्या महाभक्षी पेशी, भोवती टी पेशींचे कडे. हे कडे टिकण्यासाठी टीएनएफ हा दाहकारक रेणू लागतो. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधे आली आणि २००१ मध्ये लक्षात आले की ती घेणाऱ्यांपैकी काहींचा झोपलेला क्षय उठतो आहे. म्हणूनच आज मुंबईतला कोणताही जबाबदार संधिवाततज्ज्ञ असे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करून घेतो. इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे: प्रतिकार कमी झाला, रोग वाढला.

पण याची दुसरी बाजू उंदरांवरच्या प्रयोगांत दिसली, आणि ती मला अधिक बोलकी वाटते. पीडी-१ हा टी पेशींवरचा आवर घालणारा रेणू आहे. तो नसलेल्या उंदरांना क्षयाचा संसर्ग केला, तेव्हा त्यांच्यात क्षयजंतू ओळखणाऱ्या सीडी४ पेशी भरमसाट वाढल्या. साध्या हिशेबाने जंतू कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात जंतूही वाढले, फुप्फुसांची नासाडीही वाढली आणि ते उंदीर लवकर मेले. या सगळ्याला कारण त्या सीडी४ पेशीच होत्या. आवर नसलेल्या पेशी फुप्फुसाची मोडतोड करतात आणि त्या मोडतोडीत जंतूचेच फावते. माणसांतही कर्करोगासाठी पीडी-१ रोखणारी औषधे घेतल्यावर क्षय उफाळल्याच्या नोंदी आहेत. क्षयाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरतात तेही फुप्फुसात पोकळी पडल्यामुळे, आणि ती पोकळी पाडण्यात मोठा वाटा माणसाच्या स्वतःच्या दाहाचा असतो. एचआयव्हीच्या रुग्णांत औषधांनी सीडी४ पेशी परत वाढू लागल्या की आधी शांत असलेला क्षय अचानक ताप आणि गाठींसह पेटतो, हेही त्याच जातीचे. शेजारच्या मुलीला डॉक्टरांनी क्षयाची औषधे तशीच चालू ठेवून वर थोडे दिवस दाह आवरणारे स्टेरॉइड दिले त्याचे कारण हे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात तर जंतुनाशकांबरोबर स्टेरॉइड देणे हा प्रस्थापित उपचार आहे, कारण बंद कवटीत सूज सोसायला जागाच नसते.

वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयात हीच गोष्ट शतकाहून अधिक काळ डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घडत आली. १८९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते हॅरी अ‍ॅकवर्थ पालिकेचे आयुक्त होते आणि मराठी पोवाडे जमवण्याचा त्यांना नाद होता, पण तो विषय वेगळा. कुष्ठाचा जंतू एकच, आजाराची रूपे मात्र परस्परविरुद्ध. काही रुग्णांच्या टी पेशी जोरकस असतात. त्यांच्या अंगावर चट्टे मोजके, चट्ट्यात जंतू जवळजवळ नाहीत, पण जवळची नस लवकर जाड होऊन बधिरपणा येतो. दुसऱ्या टोकाच्या रुग्णांत कुष्ठजंतूंविरुद्ध टी पेशी जवळजवळ मूकच असतात. प्रतिपिंडे भरपूर, त्यांचा उपयोग शून्य, आणि कातडीच्या नमुन्यात जंतूंचे पुंजके. बहुतेक रुग्ण या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात आणि उपचार चालू असताना एका बाजूकडून दुसरीकडे सरकू शकतात. प्रतिकार जागा होण्याच्या दिशेने असे सरकणे झाले, की जुने चट्टे लाल होऊन सुजतात आणि थोड्या दिवसांतच हात किंवा पाय लुळा पडू शकतो. अशा वेळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तातडीने द्यावे लागते. रुग्णाच्या जंतूंचा बंदोबस्त होत असतो आणि त्याच वेळी त्याचे बोट वाकडे होत असते. प्रतिकार ‘वाढला’ असे म्हणून इथे कोणी पेढे वाटणार नाही.

म्हणूनच करोनाच्या काळात आणि त्यानंतरही औषधांच्या दुकानांत काउंटरवर रांगेने मांडलेल्या ‘इम्युनिटी बूस्टर’ बाटल्यांबद्दल माझे मत कडक आहे. वाढवायचे काय, हे बाटलीवर कधीच लिहिलेले नसते: इंटरफेरॉन की इंटरल्यूकिन-१०, हल्लेखोर पेशी की नियामक? २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचा काढा किंवा गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांतल्या काहींत यकृतावर स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने हल्ला केल्याच्या खुणा दिसल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेपात तथ्य आहे. पण बाजारातून वेल आणून उकळणाऱ्या माणसालाही तो फरक कळत नाही, त्यामुळे ज्याच्या घरात थायरॉइडचा किंवा सांध्यांचा स्वयंप्रतिकार रोग आहे त्याने हा प्रयोग डॉक्टरांना न सांगता करू नये, या माझ्या म्हणण्यात त्या आक्षेपाने फरक पडत नाही. करोनातच याच्या उलट टोकाचाही पुरावा मिळाला: २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काहीही फायदा दिला नाही. प्रतिकाराला आवर घालणारे औषध तेच, पण दिवस बदलला की गुण बदलतो.

नियामक पेशी वाढवण्याचे औषध तरी सोपे असावे, असे वाटेल. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ नावाचे प्रतिपिंड पहिल्यांदाच टोचले गेले. टी पेशींवरच्या सीडी२८ या चालना देणाऱ्या रेणूला थेट जागे करणाऱ्या या प्रकारच्या प्रतिपिंडाने उंदरांच्या वर्गातल्या प्राण्यांत नियामक पेशी वाढवल्या होत्या, आणि माकडांना जी मात्रा सुरक्षित ठरली तिच्या ५०० पट कमी मात्रा माणसांना दिली होती. दीड-दोन तासांतच सहाही जणांना डोकेदुखी, थंडी-ताप सुरू झाला, रक्तदाब कोसळला, आणि सायटोकाइनच्या, म्हणजे पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक रेणूंच्या, उधाणाने त्यांचे अनेक अवयव एकाच वेळी निकामी होऊ लागले. सुदैवाने सगळे वाचले. नंतर कळले ते असे की माणसाच्या ज्या स्मृतिपेशींनी हा गोंधळ घातला, त्यांच्यावर माकडांत सीडी२८ नसतेच. म्हणजे ज्या प्राण्यात तपासणी झाली त्याला हा धोका दिसणेच शक्य नव्हते. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यातले जंतुविरहित प्राणी आणि आयुष्यभर शेकडो संसर्ग झेललेला माणूस यांच्या टी पेशींत फार अंतर असते, आणि मुंबईच्या गर्दीत वाढलेल्या माणसाच्या बाबतीत तर ते अधिकच असणार.

परळमध्ये, टाटा स्मारक रुग्णालयात, हाच व्यवहार उलट दिशेने चालतो. कर्करोगाची गाठ स्वतःच्या बचावासाठी नियामक पेशींना आत ओढून घेते, आणि पीडी-१ ला चिकटणारा रेणू अंगावर बाळगून हल्लेखोर टी पेशींना थोपवते. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे आवर सैल करता येतात, हे दाखवणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. आवर सैल केल्यावर काही रुग्णांच्या गाठी वितळतात, आणि काहींना आतड्याचा दाह, थायरॉइडचा बिघाड, क्वचित हृदयस्नायूचा दाह होतो, म्हणजे साकागुचींच्या उंदरांना जे झाले त्याचीच सौम्य-तीव्र रूपे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून आलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार१९ या उपचारात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगग्रस्त बी पेशी ओळखायला लावून परत दिल्या जातात. तिथेही सगळ्यात जपावे लागते ते सायटोकाइनच्या उधाणाला, आणि त्यातला मुख्य रेणू इंटरल्यूकिन-६ बऱ्याच अंशी टी पेशींनी चिथवलेल्या महाभक्षी पेशींकडून येतो. टोसिलिझुमॅब देऊन तो रोखतात.

टाटाच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. तंबाखूमुळे आपल्याकडे इतक्या प्रमाणात होणाऱ्या तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात, आजार हाताबाहेर गेलेल्या रुग्णांना स्वस्त गोळ्यांच्या केमोथेरपीबरोबर पीडी-१ रोखणारे निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले, जेव्हा त्याची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्के होते. निव्होलुमॅब मिळालेल्यांत ते ४३.४ टक्के झाले. यामागचा तर्क औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच दडलेला होता: फार कमी मात्रेतही टी पेशींवरचे बहुतेक पीडी-१ व्यापले जातात, आणि त्यापुढे मात्रा वाढवून व्यापण्यासारखे फारसे उरत नाही. पूर्ण मात्रेचा खर्च आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळेच हा प्रश्न मुंबईत विचारला गेला. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची असते; या मात्रेने एका कुपीत दोन रुग्णांचे डोस निघतात.